कोर्स राहू द्या, आधी तिला पगार द्या

प्रश्न : तासगावजवळ माझं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, गुण सत्तर टक्क्यांच्या आसपास. बोलायला चांगली आहे म्हणून पुण्यातल्या एका संस्थेचा सहा महिन्यांचा सीआरएमचा कोर्स बघून ठेवलाय. फी 1 लाख 60 हजार, शंभर टक्के नोकरीची हमी, महिनाअखेरपर्यंत भरली तर सवलत. ती मात्र दुकानातच बसायचं म्हणते. आत्ताही दुपारभर मोबाईलवर शेतकऱ्यांच्या छाटणीच्या तारखा लिहीत बसते, त्यांना मेसेज करते. दुकान पुढे मुलाला द्यायचं आहे, तो अकरावीला आहे, लातूरला जेईईची तयारी करतोय. मुलीला चार शब्द समजावून सांगा.

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलीला समजावण्यासारखं त्यात काही सापडलं नाही. तुमच्याशी मात्र बोलायचं आहे.

सीआरएम म्हणजे गिऱ्हाइकाशी असलेलं नातं ठरवून, नोंदी ठेवून सांभाळणं. ‘मोबाईलवर तारखा लिहीत बसते’ असं तुम्ही वैतागून लिहिलंय, ते नेमकं हेच काम आहे. तुमच्या भागातल्या द्राक्षाचा सगळा हिशोब छाटणीपासूनच्या दिवसांवर चालतो, हे मी तुम्हाला काय सांगणार! एकाच रस्त्यावरच्या दोन बागांच्या फळछाटणीत पंधरा दिवसांचं अंतर असेल, तर एकाला डाऊनी या बुरशीच्या रोगाची धास्ती असते तेव्हा दुसऱ्याची बाग अजून फुटायची असते. कोण कितव्या दिवसावर आहे हे ज्या दुकानाला माहीत, त्याला पुढच्या आठवड्यात काय माल लागेल आणि फोन कुणाला करायचा हे आधीच कळतं. हे तिला कुणी शिकवलं नाही. तिनं काउंटरवर बसून ओळखलं.

उधारीचंही तसंच. खायची द्राक्षं विकणाऱ्याच्या हातात माल तुटला की पैसा येतो. बेदाणा करणाऱ्याचा माल कोल्ड स्टोरेजला पडून असतो, सौद्यात विकला जाईल तेव्हा पैसा. दोघांना एकाच दिवशी वसुलीचा फोन गेला तर दुसरा माणूस पुढच्या हंगामात समोरच्या दुकानात दिसेल. तुम्ही हे सगळं डोक्यात ठेवून धंदा केलात. ती ते कागदावर आणतेय, एवढाच फरक.

आता त्या कोर्सबद्दल. सीआरएम म्हणजे एक सॉफ्टवेअर, ते चालवता आलं की काम झालं, हा समज संस्थांनी पसरवलाय आणि पालकांनी विकत घेतलाय. सॉफ्टवेअर शेवटी येतं. आधी ठरवावं लागतं की आपल्याला नेमकं हवंय काय: जुनं गिऱ्हाईक टिकवायचंय, उधारी वेळेवर आणायचीय, की माल पडून राहणं थांबवायचंय? मग त्यापुरत्याच नोंदी. गाव, पीक, एकर, छाटणीची तारीख, पैसे कधी येतात, बस. नोंद कोण करणार आणि कधी, हेही ठरलेलं हवं. बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं. महागडी प्रणाली येते, पण विक्रीची माणसं त्यात काही भरत नाहीत. एकच शेतकरी बापाच्या नावानं, पोराच्या नावानं आणि गावातल्या टोपणनावानं तीनदा नोंदला जातो, आणि मालक विचारतो, ‘एवढा खर्च करून फायदा काय?’ बटणं शिकायचीच असतील तर सेल्सफोर्स या सीआरएम कंपनीचं ट्रेलहेड हे शिकायचं संकेतस्थळ फुकट आहे आणि झोहो सीआरएमची तीन जणांपर्यंतची आवृत्तीही. सेल्सफोर्सच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर प्रमाणपत्राची परीक्षा फी साधारण 200 डॉलर. मग 1 लाख 60 हजार कशाचे, ते संस्थेला विचारा. नोकरीची हमीही लेखी मागा: कोणतं पद, किती पगार. गाड्यांच्या शोरूममध्ये ‘सीआरएम’ म्हणजे पुष्कळदा सर्व्हिसिंगनंतर ‘समाधानी आहात ना?’ असं विचारणारे फोन, आणि बँकेतला रिलेशनशिप मॅनेजर टार्गेटखाली दबलेला असतो. वाईट कामं नाहीत, पण ब्रोशरमध्ये ती अशी दिसत नाहीत.

एमबीए करायचंच असेल तर सीईटी, कॅट, स्नॅप या प्रवेशपरीक्षा आहेतच. दोन वर्षं काम करून दिलेली बरी.

माझा सल्ला वेगळा आहे. तिला दुकानात बसायचंय ना? मग नीट बसवा. दर महिन्याला खात्यावर पगार, नेमून दिलेलं काम, आणि वर्षभर त्या नोंदींप्रमाणे माल मागवायचा अधिकार. घरचीच आहे म्हणून फुकट राबवलंत, तर उद्या दुसरीकडे मुलाखतीला गेल्यावर दाखवायला काहीच नसेल. आणि हो, बी.कॉम.वर औषधांचा सल्ला देता येत नाही. तिच्या मेसेजमध्ये फवारणीचं काही जात असेल तर आजच थांबवा. त्यासाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा ‘देसी’ हा कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठीचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. आठवड्यातून एक दिवस वर्ग आणि मधूनमधून शिवारफेरी, त्यामुळे दुकान सोडावं लागत नाही. तिला प्रवेश कसा मिळेल ते तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. पुण्याच्या कोर्सपेक्षा तिच्या हाती यातून जास्त लागेल. शेतकऱ्यांचे नंबरही तिनं त्यांना विचारून घ्यावेत आणि रोज शुभप्रभात पाठवू नये. लोक ब्लॉक करतात.

राहिला दुकान मुलाला देण्याचा विषय. तुमच्या पत्रात तो लातूरला जेईईची तयारी करतोय एवढंच आहे. इंजिनिअर होऊन तो खतं-औषधं विकायला तासगावला परत येणार, असं त्यानं म्हटलंय की तुम्हीच ठरवलंय? पुढच्या सुट्टीत तो घरी येईल तेव्हा दोघांना समोर बसवून विचारा, आणि मुलीला आधी बोलू द्या.