मुंबईहून मालेला, म्हणजे मालदीवच्या राजधानीला, शुक्रवार ते रविवार, रिसॉर्टशिवाय जमेल का?

आरामात जमेल. भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो. फक्त प्रवासाआधी ९६ तासांच्या आत 'इमुगा' या मालदीव इमिग्रेशनच्या वेबसाइटवर ऑनलाइन फॉर्म भरा. विमानतळ वेगळ्या बेटावर आहे, तिथून फेरीने दहाएक मिनिटांत माले. पुलावरून बस-टॅक्सीही आहे, पण फेरीच घ्या, शहर समुद्रातूनच बघावं.

शुक्रवारी मात्र जपून. तिथली सुट्टी शुक्रवार-शनिवार, आणि दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकानं-हॉटेलं बंद असतात. शुक्रवारी दुपारी पोचत असाल तर पोटात काहीतरी टाकूनच निघा!

माले चालत पालथं घालता येतं. प्रवाळाच्या दगडांत कोरीवकाम केलेली १६५८ची हुकुरू मिस्किय ही मशीद चुकवू नका. मासळीबाजारात दुपारनंतर जा: होड्यांतून ट्यूना उतरतो आणि कापणारे बघताबघता अख्खा मासा सोलून मोकळे होतात. सकाळी नाश्त्याला मास हुनी घ्या, म्हणजे ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू आणि सोबत पोळीसारखी रोशी. कोकणी जिभेला लगेच पटेल.

पोहायला आणि मुक्कामाला पुलापलीकडचं हुलहुमाले बेट बरं; पण अंगभर कपडे हवेत. दारू दोन्हीकडे नाही, बॅगेतूनही नेऊ नका.