लायटरमधला दगड आणि बोटीचा कान

प्रश्न : आमची बोट हर्णै बंदरात असते. बोटीच्या तळाला फिशफाइंडरचा, म्हणजे मासे आणि खोली दाखवणाऱ्या यंत्राचा, सेन्सर आहे. त्यात गॅसच्या लायटरमधलाच दगड असतो, असं बाबा सांगतात. खरं आहे का? आणि दगडाला मासा कसा कळतो? – अकरावीतली एक वाचक, हर्णै

उत्तर : बाबांचं बरोबर आहे. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे. बाद झालेला एक सेन्सर मी मुद्दाम कापून ठेवलाय. आत बिस्किटाएवढी पांढरी चकती आहे, दोन्ही अंगांना चांदीचा मुलामा. खाणीतला दगड मात्र नव्हे. शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडपासून भट्टीत भाजलेलं सिरॅमिक. लायटरमध्ये याच जातीचा तुकडा असतो. खटका दाबला की स्प्रिंगची हातोडी त्याच्यावर बसते, हजारो व्होल्ट तयार होतात आणि ठिणगी उडते.

अशा पदार्थात धन आणि ऋण भार ठरावीक जागी बसलेले असतात. दाब आला की त्या जागा किंचित सरकतात. एका बाजूला धन भार दिसतो, दुसऱ्या बाजूला ऋण. क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत हे १८८० मध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांनी दाखवलं. उलटंही होतं : वीज दिली की चकती थरथरते. मला हे आजही फार सुंदर वाटतं, कारण त्यामुळे एकच चकती बोटीचं तोंडही होते आणि कानही. फिशफाइंडरचा सेट क्षणभर वीज देतो, चकती सेकंदाला दोन लाख वेळा या वेगाने थरथरते, मग गप्प राहून प्रतिध्वनी ऐकते. समुद्रात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. तीस मीटर खोल तळाचा प्रतिध्वनी ०.०४ सेकंदात परत येतो. पुष्कळ माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावरून आवाज जोरात उलटतो. तळाच्या आधी पोचलेला तो प्रतिध्वनी पडद्यावर मासा म्हणून दिसतो.

घरी एक करून बघ. बंद पडलेल्या गजराच्या घड्याळातला बझर उघड. पितळेवर पांढरी चकती चिकटवलेली मिळेल. तिच्या दोन तारांना छोटा लाल एलईडी जोड आणि अंधारात पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टकटक कर. एलईडी लुकलुकेल. आता चकती नुसती दाबून धर. काही नाही! दाब बदलतो तेव्हाच वीज मिळते. दाब तसाच राहिला की साठलेला भार झिरपून जातो. म्हणून मासळीच्या लिलावातल्या वजनकाट्यात हा सेन्सर चालत नाही, तिथे वाकणाऱ्या पट्टीचा वेगळा सेन्सर असतो. जिथे ठोका, थरथर किंवा आवाज आहे तिथे मात्र हाच : सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये, मोटारीच्या इंजिनातली ठकठक ओळखायला. मनगटी घड्याळातला क्वार्ट्झही याच गुणावर सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो.

बाबांसाठी एक निरोप. मासेमारी बंदीनंतर माझ्याकडे एक सेट आला होता, खोली दाखवत नव्हता. मालक नवीन घ्यायला निघाले होते. सेट ठणठणीत होता. बोट रंगवताना सेन्सरच्या तोंडावरही जाड रंगाचे तीन हात बसले होते आणि त्यात हवेचे बुडबुडे अडकले होते. बोट वर ओढली की सेन्सरवरची शिंपली आणि शेवाळ प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. छिन्नी लावू नका, आणि रंगाचा ब्रश तिथे आला की त्याला वळसा घालून पुढे न्या.