कोबाल्ट फेराइटची पावडर तयार आहे, पण कॉलेजात यंत्रं नाहीत. तपासण्या कुठे आणि कशा करून घ्याव्यात?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: सोल-जेल ऑटोकम्बशनने (द्रावणाचा जेल करून तो पेटवून) कोबाल्ट फेराइटची, म्हणजे लोखंड, कोबाल्ट आणि ऑक्सिजनच्या चुंबकीय संयुगाची, पावडर केली आहे, कॉलेज तालुक्याच्या गावी आहे आणि गाइडनी एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना), सेम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कणांचं रूप), ईडीएस (त्याच सूक्ष्मदर्शकात कोणती मूलद्रव्यं किती), टेम (नमुन्याच्या आरपार बघणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक), एक्सपीएस (पृष्ठभागाचं रसायन), व्हीएसएम (चुंबकन मोजणं) अशी यादी हातात दिली आहे. मी एका विद्यापीठाच्या सामाईक उपकरण केंद्रात एक्सआरडीवर काम करतो. अशीच यादी घेऊन आलेली मुलं सारखी भेटतात, कारण फेराइट हा आपल्याकडच्या पीएचडीचा लाडका विषय आहे.

कुठे जायचं हा त्यातला सोपा भाग. पवईच्या आयआयटीत 'सैफ' (बाहेरच्यांनाही खुलं असलेलं उपकरण केंद्र) आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आहे, पुणे विद्यापीठाचं स्वतःचं उपकरण केंद्र आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली यंत्रं शोधता येतात. बाहेरच्या विद्यार्थ्यांचा दर उद्योगांपेक्षा बराच कमी असतो, मात्र दरपत्रकात १८ टक्के जीएसटी धरला आहे की वेगळा, ते आधी बघा.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या नमुन्यात लोखंड आणि कोबाल्ट आहेत. आवर्तसारणीत हे शेजारी-शेजारी (२६ आणि २७), त्यामुळे नेहमीच्या तपासण्या इथे नेमक्या गोंधळतात.

सुरुवात एक्सआरडीने करा. बहुतेक ठिकाणी क्ष-किरणांसाठी तांब्याची ट्यूब असते. तिचे किरण लोखंड आणि कोबाल्ट दोघांनाही चमकवतात (यालाच फ्लुरोसन्स म्हणतात), मग आलेखाचा बॅकग्राउंड वर चढतो आणि बारीक पीक (आलेखातली टोकं) त्यात बुडतात. नेमका तिथेच हेमेटाइटचा (लोखंडाच्या ऑक्साइडचा) भेसळीचा पीक लपलेला असू शकतो. म्हणून कोबाल्ट ट्यूब आहे का, नसेल तर डिटेक्टर फ्लुरोसन्स गाळतो का, हे फोनवरच विचारा. स्कॅन सावकाश लावायला सांगा. नुसता पीडीएफ आलेख घेऊन परतू नका, आकड्यांची मूळ फाइल मागा. पीकच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्रात यंत्राची स्वतःची पीक-रुंदी वजा करावी लागते, तेव्हा त्याच यंत्रावरचा सिलिकॉन किंवा लॅन्थनम हेक्साबोराइडचा स्कॅनही मागून घ्या. आणि सूत्रातून निघतो तो स्फटिकाचा आकार, सेममध्ये दिसतो तो कण. दोन्ही आकडे जुळले नाहीत म्हणून घाबरू नका.

सेम आणि टेमच्या फॉर्मवर 'चुंबकीय नमुना' असा रकाना असतो. तिथे खरं लिहा! सैल पावडर लेन्सकडे ओढली जाते, आणि टेममध्ये ती पोलपीसला (चुंबकीय लेन्सच्या टोकाला) चिकटली तर यंत्र आठवडेच्या आठवडे बंद पडतं. काही केंद्रं असा नमुना घेतच नाहीत, काही अगदी थोडी पावडर ग्रिडवर (नमुना ठेवायच्या बारीक जाळीवर) पक्की बसवून घेतात. ऑपरेटरशी आधी बोललात तर मार्ग निघतो.

ईडीएसच्या आकड्यांवर प्रबंध उभा करू नका. ईडीएस मूलद्रव्य ओळखतं ते त्याच्या ठरावीक क्ष-किरण रेषांवरून, आणि लोखंडाची के-बीटा रेषा ७.०६ केईव्हीवर (केईव्ही हे ऊर्जेचं एकक), कोबाल्टची के-अल्फा ६.९३ वर, म्हणजे अगदी जवळ. सॉफ्टवेअरने त्या नीट वेगळ्या केल्या नाहीत तर कोबाल्ट फुगून दिसतो. ऑक्सिजनचा आकडा तर सोडूनच द्या. प्रमाण हवं असेल तर पावडर आम्लात विरघळवून आयसीपी (द्रावणातली मूलद्रव्यं मोजणारी तपासणी) करा.

पुढचा खरा प्रश्न आहे तो स्फटिकातल्या टेट्राहेड्रल आणि ऑक्टाहेड्रल (चार आणि सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या) जागांवर लोखंड किती आणि कोबाल्ट किती बसलंय हा. क्ष-किरणांना लोखंड आणि कोबाल्ट जवळपास सारखेच दिसतात. न्यूट्रॉनला तसं नाही: लोखंडाची स्कॅटरिंग लांबी (न्यूट्रॉन किती विखुरतो त्याचं माप) ९.४५ फेम्टोमीटर, कोबाल्टची २.४९. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवरचे न्यूट्रॉन विद्यापीठातल्या संशोधकांना यूजीसी-डीएई सीएसआर या संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्रामार्फत वापरता येतात, त्यांच्या इंदूर केंद्रात मॉसबाउअर (गॅमा किरणांनी लोखंडाच्या अणूंची स्थिती बघणारी तपासणी) होतं. प्रस्ताव लिहावा लागतो, वेळ लागतो, पण फेराइटच्या शेकडो पेपरांमध्ये तुमचा वेगळा दिसेल तो यामुळेच.

व्हीएसएम लागेलच, फक्त नमुन्याचं वजन काळजीपूर्वक नोंदवा, कारण चुंबकन प्रति ग्रॅम काढायचं असतं.

एक्सपीएस मात्र सध्या यादीतून खाली ढकला. ते पृष्ठभागाचे काही नॅनोमीटरच बघतं, आणि यंत्रात क्ष-किरणांचा अॅल्युमिनियम सोर्स असेल तर लोखंडाचा ऑजे सिग्नल (अणूतून बाहेर पडणारे दुय्यम इलेक्ट्रॉन) नेमका कोबाल्टच्या मुख्य, म्हणजे २पी, पीकवर येऊन बसतो. रिव्ह्यूअरने मागितलं तर तेव्हा बघू.