बाथरूमचं काम खराब झालंय आणि ठेकेदार दुरुस्त करून देत नाही, काय करावं?

म्हणजे तुमचं असं झालंय की जुळे सोलापुरात बाथरूम नवीन करून घेतलं, थोड्याच दिवसात पलीकडच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली, फरशी ठोकली की पोकळ वाजते, आणि ठेकेदार "उद्या पोरं पाठवतो की ओ" म्हणून टोलवतोय. आमच्याकडं सेम झालेलं. आमचा गडी गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) झाल्यावर बघू म्हणून गेला, गड्डा होऊन उन्हाळा लागला तरी पत्ता नाही.

आधी फोनवरचं भांडण बंद करा, त्यातनं काय निघत नाही. तुम्ही म्हणणार काम बोगस, तो म्हणणार प्लंबरची चूक, प्लंबर म्हणणार फरशीवाल्याची, आणि फरशीवाला म्हणणार वहिनींनीच ॲसिड टाकून फटी उकरल्यात. त्यामुळं पाणी नक्की कुठनं जातंय ते आधी पकडा, म्हणजे पळवाट राहत नाही.

ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी टाकी भरून घ्या, बाथरूमचे सगळे नळ बंद करा आणि ते दोन दिवस वापरूच नका. तरी ओल वाढत असंल तर भिंतीतल्या पाइपचा जॉइंट गळतोय असं समजा. वाढली नाही तर मग जमिनीची टेस्ट घ्या. नहाणी ट्रॅपमध्ये (पाणी जायच्या जाळीखालच्या भोकात) प्लास्टिकच्या पिशवीत ओलं फडकं गुंडाळून घट्ट बसवा, फरशीवर इंच दीड इंच पाणी साठवा आणि भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारा. शेजारी एका बादलीतपण पाणी ठेवून तशीच रेघ मारा, कारण आपल्या उन्हात पाणी असंही उडतं आणि ठेकेदार नेमकं तेच म्हणणार. २४ तासांनी बादलीतलं जेमतेम उतरलं आणि फरशीवरचं बरंच उतरलं, तर विषय संपला, वॉटरप्रूफिंग नाहीतर ट्रॅपची कड गेलीय. याचे फोटो, व्हिडिओ तारखेसकट ठेवा.

आता आमच्याकडं जे खरं कामाला आलं ते सांगतो. ठेकेदार तुमचं ऐकणार नाही, पण ज्या दुकानातनं तो टाइल्स आणि सिमेंट उधारीवर उचलतो त्या दुकानदाराचं ऐकतो. आम्ही तिथं जाऊन शांतपणे व्हिडिओ दाखवला, आवाजपण चढवला नाही, दुकानदारानं आमच्यासमोरच फोन लावला आणि "त्यांचं काम करून दे आधी, मग पुढचा माल" एवढंच बोलला. संध्याकाळी मिस्त्री दारात.

तेवढ्यानं भागलं नाही तर व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाका, काय बिघडलंय, कधीपर्यंत नीट करून पाहिजे, नाहीतर दुसऱ्याकडनं करून खर्च तुमच्याकडनं वसूल करणार. तोच मजकूर स्पीड पोस्टानंपण पाठवा. आणि रागाच्या भरात लगेच दुसरा मिस्त्री बोलवून फोडाफोडी करू नका, पुरावाच जातो, आधी एखाद्या सिव्हिल इंजिनिअरला दाखवून त्याचा सही-शिक्क्याचा रिपोर्ट घ्या. काही पेमेंट द्यायचं राहिलं असंल तर ते अजिबात देऊ नका, आणि दुरुस्तीसाठी नवीन ॲडव्हान्स मागितला तर सरळ नाही म्हणा.

लोक म्हणतात पोलिसात जा, पण तिथं बहुतेक वेळा हे दिवाणी मॅटर आहे म्हणून परत पाठवतात. त्यापेक्षा १९१५ ला फोन करून तक्रार नोंदवा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तरी ऐकला नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्यात घराचं बांधकामपण सेवेत धरलंय, कामाला दिलेली रक्कम ५ लाखापर्यंत असंल तर फी लागत नाही, वकीलपण सक्तीचा नाही, फक्त २ वर्षांच्या आत तक्रार टाकायची. पक्कं बिल नाही म्हणून घाबरू नका, यूपीआयच्या एंट्र्या आणि चॅट दाखवता येतात. पण निकाल लगेच लागंल असं समजू नका, तारखा पडतातच, म्हणून तर दुकानदाराचा रस्ता मी आधी सांगितला.

आणि तो दुरुस्तीला आलाच, तर फटीत व्हाइट सिमेंट भरून जाऊ देऊ नका, हे सगळे तेच करायला बघतात. फरशी काढायला लावा, ट्रॅपभोवती आणि भिंतीवर वितभर वरपर्यंत वॉटरप्रूफिंग करायला सांगा, आणि ते वाळल्यावर नवीन फरशी बसवायच्या आधी परत एकदा पाणी साठवून तुमच्यासमोर टेस्ट घ्यायला लावा.