पीडीएलसी फिल्मचं व्होल्टेज कमी करायचं तर थेंब किती मायक्रॉनचे हवेत?

पीडीएलसी म्हणजे पॉलिमरमध्ये लिक्विड क्रिस्टलचे बारीक थेंब अडकवलेली फिल्म: बंद असताना दुधाळ, व्होल्टेज दिलं की स्वच्छ. आकडाच हवा असेल तर घ्या: एक मायक्रॉनच्या आसपास, फार तर दोन-तीन. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपासचे थेंब सगळ्यात चांगलं विखुरण देतात. त्याहून मोठे केले की व्होल्टेज उतरतं खरं, पण बंद अवस्थेतला पांढरेपणा फिका पडतो आणि स्विच बंद केल्यावर फिल्म रेंगाळत परत येते. ०.१ मायक्रॉनच्या खाली गेलात तर फिल्म बंद असतानाही पारदर्शकच, आणि व्होल्टेज न परवडणारं.

पण थेंब केवढा हे विचारणारे खूप, कसा हे विचारणारा एखादाच. याच मुद्द्यावर मी लॅबच्या भर मीटिंगमध्ये बोलणी खाल्ली आहेत, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

ई७ (लिक्विड क्रिस्टल) आणि नोआ ६५ (यूव्हीने घट्ट होणारं पॉलिमर) ही आमची नेहमीची जोडी. ई७ चा साधा अपवर्तनांक आणि नोआचा अपवर्तनांक, दोन्ही १.५२ च्या आसपास, त्यामुळे फील्ड दिलं की फिल्म स्वच्छ होते. एकाच मिश्रणाच्या दोन फिल्म केल्या, दोन्ही लवचिक आयटीओ शीटमध्ये (वीजवाहक, पारदर्शक थर दिलेल्या), जाडी ठरवणारे स्पेसर तेच, यूव्ही दिवा तोच. फरक एवढाच की दुसरीचं क्युरिंग (यूव्हीखाली घट्ट होणं) चालू असताना वरची शीट मी जराशी एका बाजूला सरकवली. एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) दोन्हींचा सरासरी व्यास जवळपास सारखा आला. दुसरीला व्होल्टेज मात्र चांगलंच जास्त लागायचं, आणि बंद व्हायची ती झटकन. वरिष्ठांचा निकाल तयारच होता: “साइज सारखी, मटेरियल सारखं, मग व्होल्टेज वेगळं येईलच कसं? जाडी चुकली असणार, परत मोजा.” मोजली. तेवढीच भरली. तरी “परत मोजा.”

शेवटी त्यांना टेबलापाशी नेलं. व्होल्टेज शून्य, मागे दिवा, मध्ये फिल्म, डोळ्यासमोर पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी पट्टी). पहिली फिल्म पोलरायझर कसाही फिरवा, पांढरी ती पांढरीच. दुसरी मात्र शीट सरकवल्याच्या दिशेला दुधाळ, आणि नव्वद अंश फिरवलं की पलीकडच्या दिव्याची तार दिसायला लागली. म्हणजे थेंब ताणले गेले होते आणि त्यांचे अक्ष एका रेषेत आले होते. यात जाडीचा काय संबंध? “हं, इंटरेस्टिंग,” म्हणाले. रिपोर्टमध्ये रकाना एकच राहिला: सरासरी व्यास.

एसईएमवर माझा राग आहे तो यामुळे. त्यासाठी लिक्विड क्रिस्टल धुऊन काढतात. उरते ती भाडेकरू गेल्यानंतरची रिकामी खोली. आत डायरेक्टर (रेणूंची सरासरी दिशा) कसा बसला होता हे त्यात दिसणार कुठून? त्यातून फिल्म ताणाला आडवी मोडली असेल तर लांबट थेंबाचं भोकही गोलच दिसतं. आमचं नेमकं तसंच झालं होतं.

हिशेब अगदी सरळ आहे. द्विध्रुवी थेंबात रेणू भिंतीला समांतर झोपतात आणि दोन ध्रुवांशी एकत्र येतात; हे ध्रुव लांब अक्षाच्या टोकांना बसतात आणि तिथून हलायला तयार नसतात. उंबरठ्याचं फील्ड (ज्याला रेणू वळायला लागतात ते) त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात, बंद होण्याचा वेळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण लांबी-रुंदीचं गुणोत्तर ‘ल’ धरलं तर फील्डमध्ये √(ल² − १) गुणिले येतं आणि वेळ (ल² − १) ने भागला जातो. ल १.१ वरून १.५ वर गेला तर साइज तीच राहूनही फील्ड जवळजवळ अडीचपट आणि वेळ सहाव्या हिश्श्यावर. ही किरकोळ दुरुस्ती म्हणायची का? आणि “थेंब मुद्दाम ताणतो कोण?” असं विचारणाऱ्यांसाठी: जेम्स फर्गसनच्या इमल्शन पद्धतीत पाणी वाळताना थेंब आपसूकच चपटे होतात.

तेव्हा सरासरी व्यासाच्या मागे लागण्याआधी मायक्रोस्कोपमध्ये क्रॉस्ड पोलरायझरखाली (एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरमध्ये) फिल्म बघा. त्रिज्यीय थेंबात (रेणू केंद्रातून बाहेर पसरलेले, भिंतीशी उभे) काळी फुली स्टेज फिरवली तरी जागची हलत नाही. द्विध्रुवीत चित्र बदलतं. भिंतीशी रेणू उभे राहतात की आडवे, यावर सगळा खेळ. किंचित सर्फॅक्टंट (साबणासारखं द्रव्य) घातला तरी आडव्याचे उभे होऊ शकतात, आणि मग साइज तीच असूनही व्होल्टेजचा आलेख दुसराच येतो. तुमचे गाइड “आधी साइज सांगा” म्हणाले तर साइज सांगाच, पण पोलरायझरखालचा फोटो त्याच पानावर लावा. नंतर लावू म्हटलं की राहतोच.

हां, वरची सूत्रं द्विध्रुवी थेंबांचीच आहेत, त्रिज्यीयला लावू नका. शिवाय थेंबाच्या आतलं फील्ड बाहेरून लावलेल्याएवढं नसतं. पॉलिमर आणि क्रिस्टलच्या वाहकतेप्रमाणे बदलतं, म्हणून फ्रिक्वेन्सी न सांगता व्होल्टेज सांगण्यात अर्थ नाही. साइजमध्ये फार तफावत असेल तर उंबरठाही धड दिसत नाही, आलेख नुसता चढत राहतो. तुम्ही प्रश्नात फिल्मची जाडी दिलेली नाही. ती कळली तर व्होल्टेजचा अंदाज सांगता येईल.