राज्याचा दर्जा मिळतो, पण 'बहाल' कसा होतो?

धुळ्याच्या एका ताईंनी विचारलंय की लडाखला राज्याचा दर्जा द्या, दिल्लीला राज्याचा दर्जा द्या असं आपण सारखं ऐकतो, तर हा दर्जा म्हणजे 'दर्जेदार' मधलाच दर्जा का, आणि उद्या खान्देश वेगळं राज्य झालं तर त्यालाही 'दर्जा मिळाला' असंच म्हणायचं का.

हो ताई, तोच. मूळ अरबी शब्द, अर्थ पायरी. क्वालिटी वगैरे नंतरचं. राज्याच्या बाबतीत तर पायरी हाच अर्थ बसतो, कारण १९५० च्या घटनेत राज्यांच्या खरोखर अ, ब, क अशा पायऱ्याच होत्या, हिमाचल, मणिपूर, त्रिपुरा, दिल्ली हे सगळे 'क' मधले, १९५६ ला ती पद्धत मोडली आणि यांचे केंद्रशासित प्रदेश झाले, मग हिमाचल १९७१ ला वर चढलं, मणिपूर आणि त्रिपुरा १९७२ ला. म्हणजे जो खालच्या पायरीवर आहे त्यालाच दर्जा मिळतो. खान्देश कुठल्या खालच्या पायरीवर नाहीये, तो एका राज्यातच आहे, त्यामुळे उद्या वेगळा झालाच तर ती 'निर्मिती' म्हणायची, तेलंगणाची २०१४ ला झाली तशी. दर्जा नाही.

पण ताई, दर्जा राहू द्या, त्याच्यापुढे जे क्रियापद लावतात ना त्याने माझं डोकं उठतं. 'गोव्याला १९८७ साली राज्याचा दर्जा बहाल करण्यात आला.' बातम्यांत हेच, भाषणात हेच, स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये पण हेच. अहो बहाल कसा होईल? गोवा १९६१ ला मुक्त झाला तो केंद्रशासित म्हणूनच आपल्यात आला, आधी कधी भारताचं राज्य होता का तो?

बहाल हा फारसी जोडशब्द आहे. 'ब' म्हणजे मध्ये, -ने, -प्रमाणे, जुन्या कागदांतल्या 'बमोजिम' (म्हणजे त्याप्रमाणे) मधला 'ब', आणि 'हाल' म्हणजे स्थिती. बहाल म्हणजे होता त्या स्थितीत, पूर्ववत. आणि या 'हाल'चं घराणं बघा किती मोठं आहे, 'बेहाल' यातलाच, 'खुशाल' म्हणजे मुळात खुश-हाल, 'हल्ली' यातलंच, आणि ऑफिसात आपण जो 'अहवाल' देतो ना, तो या हालचं अरबी अनेकवचन! रोज वापरतो आपण हे सगळे आणि एका घरचे आहेत हे माहीतच नसतं. बहालचा जोडीदार म्हणजे 'बडतर्फ', तो पण फारसीच, मूळ बर-तरफ, म्हणजे एका बाजूला. माणसाला बाजूला केलं की बडतर्फ, परत जागेवर आणला की बहाल. आमच्याकडे भुसावळला रेल्वेतले जुने लोक अजूनही सस्पेंड झालेला माणूस कामावर परत आला की 'बहाल झाला' म्हणतात, आणि त्यांचंच बरोबर आहे.

आता कोणी कोश आणून दाखवेल की त्यात 'कायम केलेला, मंजूर' असाही अर्थ आहे. असू द्या. कायम करायला ती गोष्ट आधी असावी लागते ना? आणि 'भाषा वापराने बदलते' हे जे अभ्यासक लोकांचं ठरलेलं उत्तर आहे ते मला पटत नाही, कारण द्यायला आपल्याकडे देणे आहे, प्रदान आहे, पण 'परत होता तसा करणे' याला एका शब्दात बहालच आहे, तो घालवला तर हातात काय उरतं?

हा घोळ झाला कसा याचं माझं स्वतःचं एक मत आहे, आणि ते आपल्या भागात राहूनच तयार झालंय. खान्देशचं राज्य किती वेळा बदललं बघा, आधी फारूकी सुलतान, मग १६०१ ला अकबराने अशीरगड घेतला तेव्हा मुघल, मग निजाम, मराठे, १८१८ ला इंग्रज. दरवेळी नवा धनी आला की देशमुख-देशपांडे जुन्या सनदा घेऊन धावायचे, आणि तो धनी वतन 'बहाल' करायचा, म्हणजे होतं तसंच चालू ठेवायचा. पण घेणाऱ्याला ते नव्याने मिळाल्यासारखंच वाटणार ना, जीव भांड्यात पडायचा त्याचा. तिथूनच बहालचा अर्थ 'देणे' कडे सरकला असं मला पक्कं वाटतं.

मग बरोबर कुठे वापरायचं? जम्मू-काश्मीरला. ३१ ऑक्टोबर २०१९ पर्यंत राज्य होतं, मग केंद्रशासित झालं, म्हणून तिथे मागणी दर्जा बहाल करा अशीच होते, अगदी नेमकी. लडाख त्याच दिवशी त्याच राज्यातून वेगळं निघालं, पण स्वतः कधी घटनेतलं राज्य नव्हतंच, त्यामुळे लडाखला दर्जा 'द्या'. तिथे पूर्वी राजे होते म्हणाल, तर ते १८३४ ला डोगऱ्यांनी जिंकलेलं राज्य, त्याचा घटनेशी काय संबंध? हाच नियम आपल्यालाही, थाळनेर-बऱ्हाणपूरच्या फारूकींनी दोनशे वर्षं राज्य केलं म्हणून खान्देश राज्य बहाल होत नाही.

नाव मात्र बहाल झालेलं आहे. अकबराने मुलगा दानियालच्या नावावरून खान्देशचं 'दानदेश' केलं होतं, तो दानियाल काही वर्षांतच बऱ्हाणपुरात वारला, दानदेश पण गेलं आणि जुनं नाव परत जागेवर आलं. याला म्हणतात बहाल. पुढे १९०६ ला पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन जिल्हे झाले, नंतर त्यांची जळगाव आणि धुळे झाली, १९९८ ला नंदुरबार निघालं, आणि आज एकाही जिल्ह्याच्या नावात खान्देश नाही. तर ताई, उद्या राज्य झालंच तर राज्यापुढे 'निर्माण' लिहा, आणि खान्देश हे नाव सरकारी नकाशावर आलं तर त्याच्यापुढे 'बहाल' लिहा, बिनधास्त.