कव्हरनं गाडीला ओरखडे पडतात का? लातूरच्या भाऊंना सविस्तर उत्तर

भाऊ, तुम्ही लिहिलेलं सगळं ओळखीचं आहे. लातुरात गाडी मोकळ्या प्लॉटवर उभी, चंदेरी कव्हर दोन महिन्यांत विरून फाटलं, ते काढलं तर छताच्या कडा आणि बोनेट निस्तेज, आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, "रबिंग-पॉलिश करून घ्या, वरून टेफ्लॉनचा लेप मारून देतो." माझ्या आधीच्या गाडीचं छत याच चक्रात गेलं, म्हणून लांबलचक लिहितोय. कव्हर कुठं मिळतं, कुठल्या मॉडेलला कुठला साइज, हे लिहीत नाही, ते तुम्हाला माहीतच असणार.

पहिली विनंती, ते पॉलिश आत्ता करू नका.

कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतात. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ४०-५० मायक्रॉनचा. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवतो तो हाच थर. रबिंगनं, म्हणजे मशीननं रंग घासून, ओरखडा "जातो" तेव्हा खरं तर ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणलेला असतो. एकदा केल्यानं काही बिघडत नाही. पण कव्हरनं ओरखडे, मग रबिंग, पुन्हा तेच कव्हर, पुन्हा रबिंग, असं दर सर्व्हिसिंगला चालू राहिलं की काही वर्षांत छत पांढुरकं पडतं आणि पापुद्रे सुटायला लागतात. तिथून परत फिरता येत नाही, तो भाग रंगवावाच लागतो.

माझा राग इथंच आहे. एका सर्व्हिस सेंटरनं (नाव घेत नाही) हे पॅकेज मला दर वेळी विकलं. गाडी कुठं उभी असते, कव्हर कोणतं, घालण्याआधी धूळ काढता का, यातलं एक अक्षर कधी विचारलं नाही. वॉरंटीचं काढलं की उत्तर ठरलेलं, "हे बाहेरच्या कारणानं झालंय." ते नियमाला धरूनच आहे, रंगाच्या वॉरंटीत ओरखडे, पक्ष्यांची शीट, झाडाचा चीक हे सहसा धरत नाहीत. पण कारण बाहेरचं आहे हे कळत असताना ते गिऱ्हाइकाला सांगायचं नाही आणि दर वेळी पैसे घेऊन मशीन फिरवायचं, हे मला आजही पटत नाही. तुम्ही त्यांना एवढंच म्हणा की आधी मीटर लावून रंगाची जाडी मोजून दाखवा, छताची वेगळी, दाराची वेगळी. दारापेक्षा छत बरंच पातळ भरलं तर तिथं मशीन लावू देऊ नका. मीटरच नाही म्हणाले तर दुसरीकडं जा.

आता ओरखडे कव्हरचेच आहेत का, हे घरी बघता येतं. संध्याकाळी गाडी धुऊन कोरडी करा आणि मोबाइलचा टॉर्च रंगावर तिरका धरा. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसल्या तर त्या पुसायच्या फडक्याच्या. कव्हरचं काम वेगळं दिसतं. छताच्या कडेला, आरशाच्या पाठीवर, बोनेटच्या दोन्ही कोपऱ्यांवर, मागच्या चाकावरच्या फुगवट्यावर पंजाएवढे धुरकट पट्टे असतात, आणि छताच्या मधोमध जवळपास काहीच नसतं. जिथं कापड ताणलेलं असतं आणि वाऱ्यानं पुढंमागं सरकतं, तिथंच झीज होते. दारावर एकच सरळ आडवी रेघ असेल तर वरून बांधलेली सुतळी किंवा नायलॉनची दोरी जबाबदार. गाडीवरून दोरी कधीच बांधू नका.

कापड स्वतः रंगाला फार काही करत नाही. कापड आणि रंग यांच्यामध्ये अडकलेली धूळ घासते. काळी माती बोटाला मऊ लागते म्हणून लोक फसतात. रस्त्यावरून उडणाऱ्या धुळीत मुरूम असतो, वाळू असते, खडी क्रशरचा चुरा असतो, आणि हे सगळं क्लिअर कोटपेक्षा टणक. जालन्यात स्टीलच्या कारखान्यांजवळ गाडी उभी राहत असेल तर लोखंडाचे कण येतात, साखर कारखान्याजवळ हंगामात काजळी. धुतलेल्या गाडीवर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा, रंगात रुतलेले कण लगेच खरखर लागतात. अशा गाडीवर कव्हर टाकून वळवाच्या वाऱ्यात सोडली की ते कापड रात्रभर पॉलिश पेपरचं काम करतं.

म्हणून माझं ठाम मत (इतरांचं वेगळं असेल, मी काही पेंटर नाही): गाडी रोज वापरात असेल तर कव्हर घालूच नका. रोज संध्याकाळी धुळीच्या गाडीवर कव्हर ओढायचं आणि सकाळी काढायचं, यात उन्हापेक्षा जास्त नुकसान होतं. सलग चार-पाच दिवस किंवा त्याहून जास्त उभी राहणार असेल तरच कव्हर, आणि तेही धुऊन.

"धुवायला पाणी कुठंय?" हा प्रश्न मेमध्ये येणारच, टँकरच्या पाण्यानं गाडी धुवा असं मी म्हणणार नाही. फवारणीचा हातपंप घ्या, पण नवा. तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी गाडीला नको. पाच-सहा लिटर पाण्यात छोटी गाडी नीट निघते. आधी हात न लावता छतापासून खाली फवारा मारून धूळ वाहून जाऊ द्या. मग अर्ध्या बादलीत गाडीचा शाम्पू, मायक्रोफायबर फडकं, एका वेळी एकच पत्रा, वरून खाली. फडकं खाली पडलं तर ते बाजूला ठेवा, पुन्हा गाडीला लावू नका. बोअरचं पाणी जड असतं, उन्हात वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके रंगावर बसतात. म्हणून हे सूर्य मावळल्यावर, आणि लगेच पुसून कोरडं करायचं. कोरड्या फडक्यानं किंवा झटकणीनं धूळ झाडणं पूर्ण बंद करा.

कव्हर घ्यायचंच असेल तर दुकानात उभ्या उभ्या तीन गोष्टी बघा. चंदेरी बाजू नखानं खरवडा, भुकटी नखाला लागली तर तो मुलामा एक उन्हाळाही काढणार नाही. तुमच्या कव्हरचं तेच झालेलं दिसतंय, आणि तो सुटलेला मुलामा रंगावरही चिकटतो. दुसरं, कापड तोंडाला लावून फुंकर मारा. थोडी तरी हवा पार व्हायला हवी, नाहीतर आत दमटपणा कोंडतो आणि पावसाळ्यात सीटला बुरशी येते. तिसरं, आतून मऊ अस्तर आणि पोटाखालून दोन पट्टे, प्लास्टिकच्या बकलचे. रेक्झीनसारखं जाड पीव्हीसी घेऊ नका, तापल्यावर ते रंगाला चिकटतं. कव्हर ढगळ असेल तर कितीही महाग असलं तरी निरुपयोगी, कारण जेवढं ढिलं तेवढं फडफडणार. पट्टे नसतील तर खालच्या घडीत दगड बांधणारे मी बघितलेत, वारा सुटला की तेच दगड दारावर आपटतात.

घालताना गाडी थंड हवी. आल्याआल्या घातलं तर सायलेन्सरला लागून कापड वितळतं, अर्धा तास जाऊ द्या. काढताना दोन्ही बाजू छतावर उलटून घ्या, मग मागून पुढं गुंडाळत आणा, म्हणजे आतली बाजू जमिनीला लागत नाही. पुढची बाजू ओळखू यावी म्हणून त्या टोकाला लाल दोरा शिवून ठेवा. दोघं असले तर पाच मिनिटांचं काम, एकट्यानं ओढत बसलात तर ते घासतच निघणार. ओल्या गाडीवर कव्हर नको. आणि नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर साधारण महिनाभर कव्हर घालू नका, नव्या रंगातलं थिनर उडून जायला मोकळी हवा लागते.

आता उन्हाचं. कव्हर घातल्यावर काचेतून ऊन आत जात नाही, त्यामुळं डॅशबोर्ड वाचतो, हे मान्य. उघड्यावरच्या गाडीचा डॅशबोर्ड आपल्याकडच्या उन्हात ७० अंशांपर्यंत सहज तापतो. पण तेवढ्यासाठी पुढच्या काचेला आतून लावायची चंदेरी घडीची शीट पुरते, आणि ती रंगाला लागतही नाही. काचा बोटभर खाली ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. त्या भरवशावर लेकरू किंवा जनावर पाच मिनिटंही आत ठेवू नका. काळी फिल्म लावायचा सल्ला कोणी दिला तर लक्षात ठेवा, नियमाप्रमाणं पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा, आणि २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून काळ्या काचांवर पोलीस थांबवतात.

गाडी कुठल्या तोंडानं लावता यानंही बराच फरक पडतो. मेच्या मध्यावर आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, लातूरला थोडा आधी, संभाजीनगरला काही दिवसांनी. त्या सुमारास भर दुपारी भिंतीची सावली कुठंच पडत नाही. पण तीननंतर भिंतीच्या पूर्वेला चांगली सावली मिळते, म्हणून गाडी भिंतीच्या पूर्व बाजूला लावा. मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेकडं झुकलेला असतो, तेव्हा पुढच्या काचेवर ऊन कमी यावं म्हणून गाडीचं तोंड दक्षिणेला. मार्चमध्ये उलट, तोंड उत्तरेला. झाड दिसलं की सावलीला लावायचा मोह होतो, पण बाभळीचा डिंक आणि पक्ष्यांची शीट उन्हात भाजली की क्लिअर कोटमध्ये डाग उतरतो. झाडाखाली लावलीत तर शीट त्याच दिवशी ओल्या फडक्यानं भिजवून उचला, घासू नका.

तुमच्या जागेत खरा उपाय शेडनेट आहे. कृषी केंद्रात मिळते तीच, रोपवाटिकेची. ७५ टक्क्यांची घ्या, "यूव्ही स्टॅबिलाइज्ड" (उन्हानं लवकर न विरणारी) असं विचारून. ९० टक्क्यांची सावली जास्त देते पण वारा जास्त धरते. ताडपत्री नको, ती शिडासारखी फुगते आणि अवकाळी पावसात मधे पाण्याचा डोह साचतो. जाळीतून वारा आणि पाणी दोन्ही पार होतात, आणि ती गाडीला टेकत नसल्यामुळं रंग घासायचा प्रश्नच राहत नाही.

उंची अडीच मीटर ठेवा. लोक गाडीच्या मापाची जाळी बांधतात आणि दुपारी गाडी उन्हातच राहते. मेमध्ये दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या कोनावर उतरतो, तेव्हा अडीच मीटरवरच्या जाळीची सावली जमिनीवर अडीच मीटर पूर्वेला सरकलेली असते. म्हणून पश्चिमेकडून किमान दोन मीटर जास्त जाळी घ्या, किंवा तेवढी पश्चिमेच्या खांबांवरून खाली सोडा. चार मीटरच्या गाडीला सहा बाय पाच मीटरची जाळी लागते. रोल साधारण तीन मीटर रुंद असतो, तेव्हा दोन पट्टे नायलॉनच्या दोऱ्यानं शिवा आणि कडेला दुहेरी घडी घालून त्यातून दोरी ओवा. खिळे मारले तर जाळी तिथूनच फाटत जाते.

खांबांची गडबड आपल्याकडंच जास्त होते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दोन फुटांत रोवलेला पाइप वर्षभरात वाकडा होतो. दोन इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप घ्या, मुरूम लागेपर्यंत खणा, मगच काँक्रीट भरा. घर भाड्याचं आहे म्हणालात, तर मालकाला विचारून एका बाजूला भिंतीत हूक आणि दुसऱ्या बाजूला दोनच खांब असंही चालतं. जाळी अगदी तंग ताणू नका, वाऱ्याला थोडी खेळू द्या.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बोनेट दर दोन-तीन दिवसांनी उघडून बघा. कव्हरखालच्या अंधारात उंदीर वायरिंग कुरतडतात. आत डिओचे डबे, लायटर, पॉवर बँक ठेवू नका.

आणि गारपिटीचं विचारलंत. कव्हर गारांपुढं टिकत नाही, जाळीनं थोडा मार कमी होतो एवढंच. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर गारांचं नुकसान त्यात येत नाही. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही धरणाऱ्या विम्यात, येतं. फेब्रुवारीच्या आत विमा कोणता आहे ते बघून ठेवा, आणि गारा पडल्या तर गाडी हलवण्याआधी जागेवरच चारही बाजूंनी, जमिनीवरच्या गारांसकट फोटो काढा आणि त्याच दिवशी कंपनीला कळवा.